आतड्याच्या हार्मोनला मेदपेशी काय उत्तर देते: लॅबमध्ये मोजायचं कसं

‘जीआयपी दिल्यावर मेदपेशीतून लेप्टिन वाढतं का?’ हा प्रश्न (जीआयपी हे आतड्याचं हार्मोन, लेप्टिन हे मेदपेशीचं भूक आवरणारं हार्मोन) घेऊन प्रयोग मांडला तर एका लॅबमध्ये उत्तर ‘हो’ येतं, दुसरीत ‘नाही’ आणि तिसरीत ‘उलट कमी होतं’. तिन्ही लॅब बरोबर असू शकतात, कारण प्रश्न अर्धाच विचारलेला असतो. पूर्ण प्रश्न असा: मीडियममध्ये, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात ठेवतात त्यात, इन्सुलिन किती असताना?

जीआयपी हे ४२ अमिनो आम्लांचं हार्मोन जेवणानंतर लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या के पेशींतून रक्तात येतं. त्याचा रिसेप्टर (पेशीवरचं हार्मोन ओळखणारं प्रथिन) पेशीतलं सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप नेणारा रेणू, वाढवतो. इन्सुलिन नसताना वाढलेलं सायक्लिक एएमपी मेदपेशीतली चरबी फोडतं, ग्लिसरॉल बाहेर पडतं आणि लेप्टिनचा स्राव दबतो. इन्सुलिन भरपूर असताना तोच जीआयपी चरबी साठवण्याच्या कामाला हातभार लावतो, रक्तातली चरबी पेशीत घेण्याजोगी फोडणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेज या एन्झाइमचं काम वाढवतो. माऊसच्या मेदपेशींत या वाटेवर रेझिस्टिन या आणखी एका हार्मोनचा स्राव वाढलेलाही दिसला आहे. शरीरात जीआयपी आणि इन्सुलिन जेवणानंतर बरोबरच चढतात, त्यामुळे इन्सुलिन बाजूला ठेवून मोजलेला जीआयपीचा परिणाम शरीरात फारसा कधी घडत नाही.

हा प्रश्न आज पुस्तकी राहिलेला नाही. जीआयपी आणि जीएलपी-१ (आतड्याचंच दुसरं हार्मोन) या दोन्हींच्या रिसेप्टरांवर काम करणाऱ्या टिर्झेपटाइड या औषधाला अमेरिकेत २०२२ च्या मे महिन्यात मंजुरी मिळाली आणि २०२५ च्या मार्चमध्ये ते भारतात विक्रीला आलं. दुसरीकडे, जीआयपीचा रिसेप्टर अडवून त्याच वेळी जीएलपी-१ चा चालू करणाऱ्या औषधानेही चाचण्यांत वजन उतरलं आहे. चालू केला तरी वजन कमी, अडवला तरी कमी. हे कोडं सोडवायचं तर मेदपेशी नेमकं काय करते ते नीट मोजावं लागेल.

खाली दिलेली पद्धत माऊसच्या ३टी३-एल१ पेशींसाठी आहे. लॅबमध्ये वाढवून मेदपेशी बनवता येणारी ही पेशींची लाइन आहे.

पेशी मेदपेशी होईपर्यंत

ही लाइन पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) सेल रिपॉझिटरीतून मिळते. आल्याबरोबर मायकोप्लाझ्माची (पेशींना न दिसता लागणारा जिवाणू) चाचणी करा, दोन-तीन पॅसेजमध्ये (पॅसेज म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमध्ये घेण्याची एक फेरी) भरपूर व्हायल गोठवून ठेवा आणि पुढचं सगळं काम या व्हायलवरच करा. वाढवताना हाय-ग्लुकोज डीएमईएम या मीडियममध्ये १० टक्के काफ सीरम घाला. इथे फीटल बोवाइन सीरम नको. फ्लास्क ६०-७० टक्के भरला की पेशी पुढच्या फ्लास्कमध्ये घ्या. एकदा जरी फ्लास्क पूर्ण भरू दिला तरी मेदपेशी होण्याची क्षमता असलेल्या पेशी गळत जातात आणि नुसत्या वाढणाऱ्या उरतात. पंधराव्या पॅसेजपुढे ती लाइन या कामासाठी वापरू नका.

स्टॉक असे करा, म्हणजे प्रत्येकाचं डायल्युशन १:१००० राहील आणि हिशेब चुकणार नाही:

- आयबीएमएक्स (सायक्लिक एएमपी मोडू न देणारं रसायन): ०.५ मोलर, डीएमएसओमध्ये (१ मिलिलिटरला १११ मिलिग्रॅम)
- डेक्सामेथासोन (स्टेरॉइड): १ मिलिमोलर, इथेनॉलमध्ये (१ मिलिलिटरला ०.३९ मिलिग्रॅम)
- इन्सुलिन: १ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात

१२ वेलच्या (खाचांच्या) प्लेटमध्ये वेलमागे साधारण ५० हजार ते १ लाख पेशी पेरा. वेल पूर्ण भरल्यावर आणखी दोन दिवस थांबा. हे दोन दिवस कापायचा मोह होतो, पण पेशींची वाढ थांबलेली असल्याशिवाय पुढचं मिश्रण नीट लागू पडत नाही. मग तो दिवस शून्य धरा आणि १० टक्के फीटल बोवाइन सीरमच्या डीएमईएममध्ये तिन्ही स्टॉक घालून द्या. दुसऱ्या दिवशी मीडियम बदलून फक्त इन्सुलिन ठेवा. चौथ्या दिवशी इन्सुलिनही काढा आणि पुढे दर दोन दिवसांनी साधं सीरमचं मीडियम द्या. आठव्या ते दहाव्या दिवशी ८०-९० टक्के पेशींत चरबीचे चमकदार थेंब दिसले पाहिजेत.

थेंब आले नाहीत तर आधी आयबीएमएक्सकडे बघा. थंड मीडियममध्ये ते सुईसारख्या स्फटिकांत खाली बसतं आणि पेशीपर्यंत अर्धाच डोस पोचतो. स्टॉक आणि मीडियम दोन्ही ३७ अंशांवर आणून थेंबाथेंबाने मिसळा. ते ठीक असेल तर सीरमचा लॉट तपासा. लॉटप्रमाणे ८० टक्के आणि २० टक्के इतका फरक पडू शकतो, म्हणून चांगला लॉट मिळाला की वर्षभराचा साठा घ्या. दोन्हीतून काही हाती लागलं नाही तर रोझिग्लिटाझोन (मेदपेशी घडायला मदत करणारं औषध) २ मायक्रोमोलर घालून काम चालतं. पण ते स्वतःच ॲडिपोनेक्टिन हे मेदपेशीचं हार्मोन वाढवतं, म्हणून घालायचं तर सगळ्या प्लेटमध्ये घाला आणि चौथ्या दिवसानंतर काढून टाका.

थेंब भरलेल्या पेशी तळाला सैल धरून असतात. मीडियम बदलताना सगळं ओढून घेऊ नका, एक पंचमांश तसंच राहू द्या. नवीन मीडियम कोमट असावं आणि वेलच्या भिंतीवरून सोडावं. एका कोपऱ्यातून पेशींची चादर उचलली गेली की तो वेल गेलाच. त्यातलं रीडिंग वापरू नका.

पेप्टाइडची काळजी

सर्वांत जास्त प्रयोग इथे फसतात, कारण वेलमध्ये हार्मोन घातलेलं असतं आणि पेशीपर्यंत पोचलेलं नसतं.

जीआयपीचं रेणुभार सुमारे ५००० आहे. ०.५ मिलिग्रॅमची व्हायल १ मिलिलिटरमध्ये विरघळवली की १०० मायक्रोमोलरचा स्टॉक होतो. पण व्हायलमधली पूड निव्वळ पेप्टाइड नसते, तिच्यात क्षार आणि ओलावाही असतो. प्रमाणपत्रावर निव्वळ पेप्टाइडची टक्केवारी दिलेली असते. ती ८० असेल तर १ मिलिलिटरऐवजी ०.८ मिलिलिटर घ्या. उघडण्याआधी व्हायल खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा. पूड झाकणाला चिकटलेली असते. मग १० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नका.

नॅनोमोलर पातळीला पेप्टाइड प्लास्टिकला आणि काचेला चिकटतं. साध्या बफरमध्ये केलेल्या १ नॅनोमोलरच्या द्रावणातलं किती पेप्टाइड ट्यूबच्या भिंतीवर गेलं ते कळत नाही. म्हणून लो-बाइंड ट्यूब आणि ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) असलेलं डायल्युएंट, म्हणजे पातळ करायचं द्रावण, वापरा. बीएसए फॅटी ॲसिडमुक्त हवं. साध्या बीएसएवर बसलेली फॅटी ॲसिडं मेदपेशीला स्वतंत्र इशारा देतात.

दुसरा शत्रू डीपीपी-४ हे एन्झाइम. ते जीएलपी-१ आणि जीआयपीची सुरुवातीची दोन अमिनो आम्लं कापतं. शरीरात सक्रिय जीएलपी-१ चं अर्धायुष्य एक-दोन मिनिटांचं आणि जीआयपीचं काही मिनिटांचं असतं, ते याच एन्झाइममुळे. सीरममध्ये डीपीपी-४ असतंच, मेदपेशीही ते स्वतः सोडतात. त्यामुळे सीरम काढलं म्हणजे धोका टळला असं समजू नका. डीपीपी-४ रोखणारं सिटाग्लिप्टिन १० मायक्रोमोलर सगळ्या वेलमध्ये घाला, कंट्रोलमध्येसुद्धा. न कापलं जाणारं डी-अलानिन-२ जीआयपी घेतलं तरी चालतं, फक्त ते मूळ हार्मोन नव्हे हे निष्कर्षात लिहा.

माऊसच्या पेशींना माऊसचंच पेप्टाइड द्या, विशेषतः रिसेप्टर अडवणारं रसायन निवडताना. प्रोलिन-३ जीआयपी हे पूर्वी ब्लॉकर म्हणून सर्रास वापरलं गेलं. प्रत्यक्षात मानवी रिसेप्टरवर ते पूर्ण चालू करणारं निघालं आणि माऊस-रॅटच्या रिसेप्टरवर अर्धवट चालू करणारं. जुने पेपर वाचताना हे लक्षात ठेवा.

घ्रेलिन या जठराच्या भूक वाढवणाऱ्या हार्मोनवर प्रयोग असेल तर त्याच्या तिसऱ्या अमिनो आम्लावरचा ऑक्टॅनॉइल गट जपावा लागतो. सीरममधली एस्टरेज एन्झाइमं तो उतरवतात. नमुन्यातलं सक्रिय घ्रेलिन मोजायचं असेल तर एस्टरेज रोखणारं रसायन घालून नमुना लगेच आम्लधर्मी करा. जीएलपी-१ बद्दल सावध राहा. मेदपेशींत त्याचा रिसेप्टर फारच कमी आहे आणि तो दाखवणाऱ्या अनेक अँटिबॉडी विश्वासार्ह नाहीत. वेस्टर्न ब्लॉटवर पट्टी दिसली एवढ्यावर काहीही सिद्ध होत नाही.

आधी दार उघडं आहे का ते बघा

मोठा प्रयोग मांडण्याआधी एक छोटी चाचणी सक्तीची समजा. ३टी३-एल१ मध्ये जीआयपीचा रिसेप्टर पेशी परिपक्व होतानाच येतो, कच्च्या पेशीत तो जवळजवळ नसतो. एका प्लेटवर ०.५ मिलिमोलर आयबीएमएक्स १० मिनिटं द्या, मग जीआयपी १००, १०, १ नॅनोमोलर आणि तुलनेला फॉर्स्कोलिन (रिसेप्टरशिवाय थेट सायक्लिक एएमपी वाढवणारं रसायन) १० मायक्रोमोलर. १५ मिनिटांनी पेशी फोडून सायक्लिक एएमपी मोजा. फॉर्स्कोलिनला उत्तर आलं आणि जीआयपीला आलं नाही, तर एकतर पेशी पुरेशा पिकलेल्या नाहीत किंवा पेप्टाइड गेलेलं आहे. नवीन व्हायल वापरून पुन्हा बघा. तरीही उत्तर नसेल तर तो बॅच सोडा. पुढे लावलेली एलायझा किट (अँटिबॉडीने हार्मोन मोजणारी) फुकट जातील आणि ती महाग असतात.

मुख्य प्रयोग

मेदपेशी बनवताना वापरलेलं इन्सुलिन १ मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे १.७ मायक्रोमोलर होतं. जेवणानंतर रक्तातलं इन्सुलिन ०.३ ते ०.५ नॅनोमोलरच्या आसपास जातं. आपण पेशींना त्याच्या काही हजार पट इन्सुलिनमध्ये दोनदा दोन-दोन दिवस बुडवून ठेवलेलं असतं आणि त्या पेशी इन्सुलिनला बधिर झालेल्या असतात. म्हणून चौथ्या दिवसानंतर इन्सुलिन पूर्ण बंद ठेवा आणि प्रयोगाच्या आदल्या रात्री सीरम काढून नुसत्या बीएसएच्या मीडियमवर ठेवा. सकाळी दोनदा हलकेच धुवा.

१२ वेलमध्ये एक पूर्ण संच बसतो: इन्सुलिन ०, ०.५ आणि १०० नॅनोमोलर अशा तीन ओळी, जीआयपी ०, १, १० आणि १०० नॅनोमोलर असे चार उभे रकाने. प्रत्येक वेलमध्ये १ मिलिलिटर. अशा तीन प्लेट करा आणि प्रत्येक प्लेटवर ओळी-रकान्यांची जागा बदला, कारण १२ वेलच्या प्लेटमध्ये १० वेल कडेचेच असतात आणि तिथून पाणी जास्त उडतं. चौथी प्लेट कंट्रोलची: नुसतं डायल्युएंट, आयसोप्रोटेरेनॉल (चरबी हमखास फोडायला लावणारं रसायन) १ मायक्रोमोलर, फॉर्स्कोलिन, आणि जीआयपीबरोबर सायक्लोहेक्झिमाइड. सायक्लोहेक्झिमाइडने नवीन प्रथिन बनणं थांबतं. ते असतानाही स्राव वाढला तर आधी साठवलेलं हार्मोन बाहेर पडलं, नाही वाढला तर नवं बनावं लागत होतं. पेपर वाचणारा पहिला प्रश्न हाच विचारतो.

वेळ दोन ठेवा, ४ तास आणि २४ तास, आणि दोन्हीसाठी वेगळ्या प्लेट घ्या. सायक्लिक एएमपीमार्फत ॲडिपोनेक्टिनचा स्राव लवकर दिसतो, इन्सुलिनमुळे लेप्टिनमध्ये पडणारा फरक हळू येतो. २४ तासांच्या प्लेटला ८ ते १२ तासांनी पेप्टाइड आणि इन्सुलिनचा तेवढाच डोस पुन्हा द्या, कारण पेशी दोन्ही मोडून खातात. कंट्रोल वेलला तेवढंच डायल्युएंट द्यायला विसरू नका.

ग्लुकोजकडे फार कमी लोक लक्ष देतात. लेप्टिनचा स्राव पेशी ग्लुकोज किती जाळते त्यावर अवलंबून असतो. ५ मिलिमोलर ग्लुकोजचं १ मिलिलिटर मीडियम भरल्या मेदपेशी इन्सुलिनसह २४ तासांत जवळपास संपवू शकतात. मग ज्या वेलमध्ये इन्सुलिन जास्त, तिथेच साखर आधी संपते, लेप्टिन पडतं आणि ‘इन्सुलिनने लेप्टिन कमी केलं’ असा उलटा निष्कर्ष निघतो. २४ तासांच्या प्लेटला २५ मिलिमोलर ग्लुकोज ठेवा, आणि शेवटी साध्या ग्लुकोज स्ट्रिपनेही का होईना, प्रत्येक वेलमध्ये साखर उरली आहे का ते पाहा. मीडियममधल्या फिनॉल रेडचा (आम्लता दाखवणारा रंग) रंग पिवळा झालेला वेल संशयित धरा.

मीडियम गोळा करणं आणि मोजणं

वेळ झाली की प्लेट बर्फावर. वरचं मीडियम तिरप्या टिपने घ्या, तळाला स्पर्श नको. ४ अंशांवर ५०० जी ने ५ मिनिटं फिरवा. वर चरबीची पातळ साय दिसली तर पेशी फुटल्या आहेत. सायीखालचं द्रव घ्या आणि तीन भाग करा: एक एलडीएचसाठी (पेशी फुटली की बाहेर येणारं एन्झाइम) त्याच दिवशी (गोठवल्यावर त्याची क्रिया कमी होते), एक ग्लिसरॉलसाठी (चरबी फुटल्याची खूण), एक हार्मोनसाठी उणे ८० ला.

एलडीएच मोजल्याशिवाय ‘स्राव’ हा शब्द वापरू नका. फुटलेल्या मेदपेशीतून ॲडिपोनेक्टिन बाहेर सांडतं आणि एलायझाला ते स्रवलं की सांडलं हे कळत नाही. पूर्ण फोडलेल्या वेलच्या तुलनेत मीडियममधलं एलडीएच ५ टक्क्यांवर गेलं किंवा औषधाच्या वेलमध्ये कंट्रोलपेक्षा स्पष्ट जास्त आलं, तर तो वेल काढून टाका.

ग्लिसरॉल ही आपली दिशादर्शक खूण आहे. इन्सुलिन शून्य असताना जीआयपीने ग्लिसरॉल वाढायला हवं आणि १०० नॅनोमोलर इन्सुलिनने ते दबायला हवं. एवढं जुळलं तर पेशी, पेप्टाइड आणि इन्सुलिन तिन्ही कामाचे आहेत आणि हार्मोनच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. आयसोप्रोटेरेनॉलनेही ग्लिसरॉल चढलं नाही तर पुढचे एलायझा लावूच नका.

ॲडिपोनेक्टिन या पेशी भरपूर सोडतात, त्यामुळे नमुना पातळ करावा लागतो. आधी १:२०, १:१०० आणि १:५०० करून बघा, किटच्या स्टँडर्ड वक्राच्या मधल्या भागात कोणतं पडतं ते ठरवा. लेप्टिनचं उलट आहे. शरीरातल्या चरबीच्या मानाने ३टी३-एल१ फारच थोडं लेप्टिन बनवतात आणि बरेचदा आकडा किटच्या खालच्या मर्यादेला टेकतो. लेप्टिन १६ किलोडाल्टनचं असल्याने ३ किलोडाल्टनच्या गाळणीवर मीडियम पाच-दहा पट आटवता येतं. पण त्याबरोबर बीएसएही आटतं आणि ०.५ टक्क्याचं ५ टक्के होऊन वेलमध्ये गोंदासारखं बसतं. म्हणून लेप्टिनसाठीच्या प्लेटला ०.१ टक्काच बीएसए ठेवा आणि स्टँडर्डही तेवढ्याच बीएसएच्या मीडियममध्ये करा.

लेप्टिन हाच मुख्य प्रश्न असेल तर आमचा सल्ला ३टी३-एल१ सोडून रॅटच्या एपिडिडिमल (वृषणाजवळच्या) चरबीकडे जाण्याचा आहे. सीसीके (कोलेसिस्टोकायनिन) या आतड्याच्या आणखी एका हार्मोनचा लेप्टिनवरचा परिणामही रॅटच्या चरबीतच, सीसीके-२ रिसेप्टरमार्फत, दाखवला गेला. चरबी ५ मिलिग्रॅमपेक्षा लहान तुकड्यांत कात्रीने कापा, वेलमागे १०० मिलिग्रॅम ठेवा, पहिल्या तासाभराचं मीडियम टाकून द्या, कारण त्यात कापल्यामुळे सांडलेलं हार्मोन असतं. मात्र तुकड्यांत रक्तवाहिन्यांच्या आणि इतर पेशीही असतात आणि मानवी व माऊसच्या चरबीत जीआयपीचा रिसेप्टर पेरिसाइटमध्येही (केशवाहिन्यांना लपेटलेल्या पेशी) सापडला आहे. तुकड्यांत परिणाम दिसला तर तो मेदपेशीचाच असं म्हणता येत नाही. तेच काम कोलॅजिनेज या ऊती सैल करणाऱ्या एन्झाइमने सुट्या केलेल्या, वर तरंगणाऱ्या पेशींवर करून पडताळा. प्राण्यांच्या कामाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी.

आकडे प्रथिनावर भागण्याऐवजी डीएनएवर भागा. इन्सुलिन प्रथिनच वाढवतं, त्यामुळे प्रथिनावर भागलं की खरा परिणाम लपतो.

आकडे वाचताना

एका प्लेटवरचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी वेगळ्या व्हायलमधून मेदपेशी बनवल्या तरच तो नवा प्रयोग. असे किमान चार-पाच हवेत. विश्लेषण दोन घटकांचं करा आणि आधी इन्सुलिन गुणिले जीआयपी ही परस्परक्रिया बघा. ती लक्षणीय असेल तर ‘जीआयपीचा परिणाम’ असा एकच आकडा देणं चुकीचं ठरतं. प्रत्येक इन्सुलिन पातळीवरचा परिणाम वेगळा द्या.

रक्तातलं जीआयपी उपाशीपोटी दहा-वीस पिकोमोलर आणि जेवणानंतर साधारण शंभर पिकोमोलरच्या आसपास असतं. १०० नॅनोमोलरलाच दिसलेला परिणाम औषधशास्त्रात मोडतो, शरीरक्रियेत नाही. १ नॅनोमोलरला निम्मा तरी परिणाम आला तर बोलण्यासारखं काही आहे. तो आल्यास पुढच्या बॅचला ०.१ नॅनोमोलरचा रकाना वाढवा.

आणि रेझिस्टिनचा निकाल माणसावर लावू नका. माऊसमध्ये ते मेदपेशीतून येतं, माणसात मुख्यतः मॅक्रोफेज आणि मोनोसाइट या रोगप्रतिकारक पेशींमधून. मानवी प्रश्नासाठी मानवी प्रीॲडिपोसाइट (मेदपेशी होण्याआधीच्या पेशी) वाढवून त्यांच्या मेदपेशी करून घ्या, पेप्टाइड मानवी वापरा, ब्लॉकर म्हणून मानवी जीआयपी ३-३० अमाइड घ्या आणि रेझिस्टिनचा वेल वाचवून तो लेप्टिन व ॲडिपोनेक्टिनला द्या.